चि. सौ. कां. ऑफ सीझन सवलत हिस

मु. डोंबिवली (पूर्व)
पितृपक्ष चालू

चि. सौ. कां. ऑफ सीझन सवलत हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र खुलं आहे, कारण बंद पाकिटावर लिहायला तुझा पत्ता कुणी देईना. ज्या होमस्टेच्या जाहिरातीत आपली पहिली गाठ पडली तिथे फोन केला, तर "मॅडम, ती ऑफर संपली" म्हणाले. म्हणजे तू न सांगता निघून गेलीस. तुझ्याशी दोन शब्द बोलायचे होते ते राहिले, म्हणून हा खटाटोप.

तू आमच्या घरात आलीस ती भाऊजींच्या मोबाइलवरून. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कोथिंबिरीची जुडी घेतली की ते कढीपत्ता फुकट मागतात, आणि नाही मिळाला तर कोथिंबीर परत ठेवतात. गणपतीत, अजून आरतीचं तबक फिरत होतं तेवढ्यात, त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. अलिबाग, दोन रात्री, चाळीस टक्के सूट. शनिवारी अनंत चतुर्दशी, ईदची सुट्टी शुक्रवारवरून सोमवारी गेलेली, मधला रविवार हक्काचा. शिवाय जुलैत खांदेरी किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जाऊन बसलेला, आणखी अकरा किल्ल्यांच्या सोबतीने. "सीझनला मरणाची गर्दी होईल वहिनी. आत्ताच खांदेरी-उंदेरी करून येऊ." करून येऊ! जशी काही दोन साड्यांची इस्त्री.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "रविवारी ग्रहण आहे." पण घरात तू आल्यावर ग्रहणाला कोण विचारतो?

शनिवारी विसर्जनाच्या मिरवणुकांतून वाट काढत आम्ही सात जण मुक्कामी पोचलो तेव्हा काळोख पडला होता. आणि तिथे, बाई, तुझी खरी ओळख झाली. माझी समजूत अशी की तू भाड्यातून चाळीस टक्के कमी करतेस. तू खोलीतूनच कमी केले होतेस. गीझर होता, पण "सीझनला चालू करतो". इन्व्हर्टर होता, बॅटरी दुरुस्तीला गेलेली. पोहण्याचा तलावही होता, हिरवागार, आणि त्यात दोन बेडूक. ते बहुधा पूर्ण दराने राहत असावेत, कारण त्यांची सोय चोख होती. जेवायला सुरमई मागितली तर अंड्याची आमटी आली. जाऊबाई कपाटाचा दरवाजा उघडायला गेल्या आणि दरवाजा हातातच आला. भाऊजी म्हणाले, "या भावात आणखी काय पाहिजे?" हे वाक्य तुझ्या घराण्यातलं दिसतं. त्या दोन दिवसांत मी ते अकरा वेळा ऐकलं.

पण खोलीचं मी मनावर घेत नाही. माझी तक्रार आहे ती रविवारची.

सकाळी आम्ही थळच्या किनाऱ्यावर उभे. आकाश खरकट्या पातेल्यासारखं. समोर उंदेरी हाकेच्या अंतरावर वाटावी अशी, आणि तिच्या पलीकडे खांदेरी, दोन टेकड्यांची, दक्षिणेकडच्या उंच टेकडीवर १८६७ सालचं दीपगृह. होडी ठरवायची ती आख्खीच, मग माणसं दोन असोत की दहा. तांडेलाने भाडं सांगितलं. भाऊजींनी तुझं नाव काढलं. "दादा, ऑफ सीझन आहे. चाळीस टक्के सगळीकडे चालू आहेत."

तांडेल जाळ्याच्या ढिगावर बसला होता. त्याने भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग समुद्राकडे.

"ताई, दर्या आता सीझनपरीस जास्ती उसलतो. डिझेल जास्ती जलतं. आता सांगा, भाडा कमी घेऊ का जास्ती?"

गणित इतकं स्वच्छ होतं की भाऊजी क्षणभर गप्प झाले. असं फार क्वचित होतं. मी मनात तारीख टिपून ठेवली, ७ सप्टेंबर २०२५.

त्या तारखेचंही तुला सांगायला हवं, कारण तुझं पंचांग कच्चं आहे. समुद्राचे स्वतःचे दर असतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात आवरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात आणि उधाण येतं. ग्रहण म्हणजे तर ती ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ. वर्षातले इतके दिवस सोडून तू स्वस्त केलास तो नेमका हा. वाण्याने सगळ्यात जड माप सगळ्यात स्वस्त द्यावं, तसं. आणि आम्ही पिशवी पुढे केली.

तांडेलाची अट एकच होती. साडेनवाला निघायचं, दोनच्या आत परत, नाहीतर पाणी उतरलं की होडी गाळात बसेल. सासूबाईंची अटही एकच होती. दुपारी साडेबाराच्या पुढे ग्रहणाचे वेध लागतात, त्याच्या आत जेवण. आता इथे तुझ्या माहितीसाठी सांगते, वेधांतही सवलत असते. लहान मुलं, आजारी माणसं आणि म्हातारे यांना संध्याकाळपर्यंत खायला मुभा आहे. सासूबाई एकाहत्तरच्या. मी तसं सुचवलं तर म्हणाल्या, "म्हातारे म्हणजे कोण?" आमच्या घरात तुझ्या कुळातल्या कुणालाही दाराबाहेर उभं करणारी ही एकमेव व्यक्ती. लोकलमध्येसुद्धा ज्येष्ठांची जागा कुणी देऊ केली तर त्या ऐकू न आल्यासारखं करतात.

निघालो. नारिंगी जॅकेटं चढवली. माझ्या जॅकेटाला पट्टा नव्हता, तो खलाशाने सुतळीने बांधून दिला. पहिली दहा मिनिटं बरी गेली. भाऊजी होडीच्या नाळेवर उभे राहून मुलांना इतिहास सांगत होते, आणि खरं सांगू, चांगला सांगत होते. १६७९ साली महाराजांनी खांदेरीवर माणसं उतरवली ती पावसाळा सरता सरता, मुंबईकर इंग्रजांच्या अगदी नाकासमोर. इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली, तर आपल्या लहान, हलक्या होड्या रात्री त्यांच्या अंगावरून रसद घेऊन जायच्या. उथळ पाण्यात त्यांना पकडणार कोण? ऑक्टोबरात लढाई झाली, त्यात इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत आपल्या हाती लागलं. पुढच्या जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी तटबंद करून टाकली. वाटणीनंतर भावाच्या दारासमोर भावाने मुद्दाम गोठा बांधावा, तसा प्रकार. "म्हणजे महाराजसुद्धा ऑफ सीझनलाच..." असं भाऊजी म्हणाले आणि उंदेरीच्या आडोशातून होडी बाहेर निघाली.

पुढचं वाक्य त्यांनी समुद्राला सांगितलं.

उंदेरीला धक्का नाही, तिथे एरवीही उतरणं जिकिरीचं, त्यामुळे तिची आशा आम्ही धरलीच नव्हती. पण खांदेरीला धक्का आहे. तो आम्हाला दिसला, चांगला दिसला. एका क्षणी गुडघ्याखाली, दुसऱ्या क्षणी डोक्यावर. माझे मिस्टर, जे ऑफिसात लिफ्ट अडकली तर रजा टाकून येतात, त्यांनी डोळे मिटून माझा दंड धरला. जाऊबाई पिशवीतल्या आवळासुपारीची डबी सगळ्यांना फिरवत होत्या, हळदीकुंकवाला अत्तर लावावं तशा. धाकटा पुतण्या तेवढा टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं हे सगळं तिकिटात आहे.

तांडेलाने दोनदा होडी धक्क्याजवळ नेली, दोनदा मागे घेतली. तिसऱ्यांदा नेली नाही. त्याने इंजिन मंद केलं, बेटावरच्या वेताळाकडे तोंड करून हात जोडले, आणि बसल्या फळीखालून नारळ काढून पाण्यात सोडला. येताना किनाऱ्यावरच्या टपरीवरून त्याने तो घेतला होता, मी पाहिलं होतं. घासाघीस न करता.

तर जागतिक वारसा आम्ही पाहिला तो असा. अंदाजे बारा मिनिटं, खालून वर आणि वरून खाली. ठोकला की धातूसारखा वाजणारा दगड बेटावर आहे, तो वाजवायचा मुलांचा बेत होता. चाकांच्या गाड्यावरच्या तोफा पाहायच्या होत्या. ते सगळं राहिलं. सासूबाई मात्र या गदारोळात नाळेपाशी मांडी घालून बसल्या, डबा उघडला, आणि सव्वाबाराच्या आत दोन घडीच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी संपवून हात धुतले. समुद्रातच. बाकी सहा जणांना वेध त्याआधीच लागले होते.

किनाऱ्याला लागल्यावर तांडेलाने आपणहून म्हटलं, "उतरवता आला नाय तुमाला. पाचशे कमी द्या."

भाऊजींचा चेहरा पाहायला हवा होतास. आयुष्यभर मागून जे मिळालं नाही ते न मागता समोर आलेलं. हात खिशात गेला, पाकीट निघालं, नोटा मोजल्या जाऊ लागल्या. मागून सासूबाई चिखलात चप्पल शोधत म्हणाल्या, "पूर्ण दे रे." भाऊजींनी पूर्ण दिले. त्यांचा हात थोडा थरथरला, पण ते उलट्यांमुळेही असेल.

संध्याकाळी, वीज होती तेवढा वेळ, टीव्ही लावला. लालबागचा राजा सकाळपासून गिरगाव चौपाटीवर पाण्यात खोळंबलेला. सकाळच्या भरतीचं पाणी चढलं आणि मूर्ती तराफ्यावर चढेना. लाखो लोक हात जोडून उभे. विसर्जन झालं तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. भाऊजी बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. राजालाच समुद्राकडून सवलत नाही मिळाली, तर आपल्याला काय मिळणार, असा काहीसा भाव होता चेहऱ्यावर.

ग्रहण दिसलं नाही, ढग होते. रात्री दीडला मोक्ष झाला तेव्हा सासूबाई उठल्या आणि गार पाण्याने डोक्यावरून न्हाल्या. गीझर सीझनला चालू होतो.

परतल्यावर मी हिशेब मांडला, सवय आहे. तू दोन रात्रींचे मिळून चार हजार वाचवलेस. वाटेत उलटीच्या गोळ्या, दोन हॉटेलातली जेवणं (तुझ्या अंड्याच्या आमटीला पर्याय म्हणून), एक चष्मा (मिस्टरांचा, आता तो खांदेरीच्या दक्षिणेला कुठेतरी आहे) आणि कपाटाच्या दरवाजाची भरपाई, जी होमस्टेवाल्यांनी आमच्याकडूनच पूर्ण दराने घेतली. बेरीज चार हजार सातशे. वरचे सातशे तुझ्या खात्यावर मांडून ठेवले आहेत. सवडीने पाठव, घाई नाही.

सासूबाईंचा तुला निरोप नाही.

तुझी हितचिंतक,
आमच्या घरची थोरली सून

ता. क. : सही करून पेन खाली ठेवतच होते, तेवढ्यात भाऊजी येऊन सांगून गेले की डिसेंबरातल्या तारकर्लीसाठी 'लवकर नोंदणी सवलत' म्हणून कुणी आली आहे. तुझी धाकटी बहीण का गं? त्यांनी सात जणांचे पैसे भरूनही टाकले. मी पंचांग काढून अष्टमी कधी आहे ते पाहते आहे.