कोरडं राहण्याची अधिकृत पद्धत (बेळगाव, खानापूर व निपाणी विभागासाठी)

सदर मार्गदर्शिका सीमाभागातल्या अशा नागरिकांसाठी आहे, ज्यांना जून ते सप्टेंबर या काळात घराबाहेर पडण्याची वाईट खोड आहे. अथणीकडच्या वाचकांनी पान उलटलं तरी चालेल. तिकडे छत्री मुख्यतः उन्हासाठी बाळगतात. कणकुंबीच्या वाचकांनीही वेळ घालवू नये. त्यांच्या अभ्यासक्रमात कोरडं राहणं हा विषयच नाही.

प्रथम आपल्यावर पडणारा पाऊस कोणाचा, हे ठरवून घ्यावं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. वेधशाळेच्या हिशेबात बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात बसतो. म्हणजे जांबोटीच्या जंगलात धो धो कोसळणारा पाऊस आणि कलबुर्गीच्या आभाळात न दिसणारा पाऊस यांना मिळून एकच अंदाज. निपाणीकर शहाणे, ते कोल्हापूरचा अंदाज ऐकतात; पण तो येतो ‘मध्य महाराष्ट्र’ म्हणून, आणि त्यात सोलापूरही असतं. थोडक्यात, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत माणसांचं जे झालं तेच आपल्या ढगांचंही झालेलं आहे. यावर व्यवहारी तोडगा एकच: कोकण-गोव्याचा अंदाज बघावा. आपला पाऊस तिकडूनच घाट चढून येतो, कुणाचीही परवानगी न घेता. आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाची भाकणूकही जरूर ऐकावी. तीत पावसापाण्याचं, पिकाचं, भावाचं सगळं येतं. जर्किन शिवणीतून गळेल की नाही एवढंच येत नाही.

आकडे हवे असतील तर: बेळगाव शहरात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि मोटारसायकलने दोनेक तासांवर असलेल्या आंबोलीत सात हजारांच्या घरात. दोन्हीकडे घालायचं जर्किन मात्र एकच, आणि ते विकणाऱ्याची शपथही एकच. पंचांगाने निदान प्रतवारी तरी लावली आहे. पुनर्वसूचा तरणा पाऊस येतो, बडवतो, निघून जातो. त्याला कुठलाही रेनकोट पुरतो. खरी परीक्षा पुष्याच्या म्हाताऱ्या पावसाची. तो जोर करत नाही, आवाज करत नाही आणि उठतही नाही. कापडाची शिवण कुठे सैल आहे हे त्याला सापडतं, कारण त्याला घाई नसते.

आता बाजारात चला. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत कुठल्याही दुकानात शिरून जर्किन मागितलं, की मालक आधी तुमच्या चपला बघतो, मग माल काढतो. “वॉटरप्रूफ हाय की वो! ओतून दाखवू काय पाणी?” असं म्हणून तो खरोखरच ओततो. पाण्याचे मोती होऊन घरंगळतात. गिऱ्हाईक पाकीट काढतं. इथे थांबावं. जे मोती दिसले ते कापडाच्या वरच्या अंगाला लावलेल्या रसायनाचे. नवं आहे तोवर ते पाणी झटकतं. चार धुण्यांत आणि सॅकच्या पट्ट्याखाली घासून ते उतरतं. बरीच वर्षं हे काम फ्लोरिनच्या संयुगांवर चालायचं. ती निसर्गात कुजत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठत राहतात, म्हणून आता एकेका देशात त्यांच्यावर बंदी येते आहे. तेव्हा यापुढचे मोती थोडे कमी टपोरे दिसले तर दुकानदारावर संशय घेऊ नये.

पाणी अडवण्याचं खरं काम आतल्या थराचं असतं. स्वस्त मालात तो थर म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप. महाग मालात पातळ पापुद्रा. या पापुद्र्याची जन्मकथा आपल्या लोकांना पटणारी आहे. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर हे गृहस्थ तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते आणि प्रत्येक कांडी तुटत होती. शेवटी वैतागून त्यांनी एकीला जोरात हिसका दिला. ती तुटायच्या ऐवजी कितीतरी पट लांब झाली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं पडली. कंपनीच्या सांगण्यानुसार एका चौरस इंचात अशी नऊ अब्ज छिद्रं. प्रत्येक छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा वीस हजार पट लहान, पण वाफेच्या कणापेक्षा सातशे पट मोठं. थेंब बाहेर राहतो, घामाची वाफ सुटते. वैतागून हिसका दिल्यावर आपल्याकडे फक्त पायजम्याची नाडी तुटते, हा देशादेशांतला फरक.

त्याआधीचा इतिहास दोन वाक्यांत. 1823 साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी नॅफ्थात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये दाबलं; तो कोट थंडीत कडक व्हायचा, उन्हात चिकटायचा आणि बाराही महिने वास मारायचा. आपल्याकडे 1920 मध्ये बंगाल वॉटरप्रूफ उभी राहिली, आणि तिच्या डकबॅक रेनकोटात देशातल्या पोरांच्या पिढ्या शाळेत गेल्या. थोरल्याचा कोट धाकट्याला यायचा तोवर त्याच्या बाह्या एकमेकांना चिकटून बसलेल्या असायच्या.

मग लेबल वाचायचं. त्यावर एक मोठा आकडा असतो: 5000, 10000, 20000. हे मिलिमीटर आहेत, रुपये नव्हेत. रुपये दुसऱ्या बाजूला. कापडाच्या सपाट तुकड्यावर पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि तिसऱ्या ठिकाणी थेंब उमटला की थांबायचं, अशी ती चाचणी. 10000 म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ, म्हणजे साधारण तीन मजली घर. तीन मजली पाऊस अजून आंबोलीतही पडलेला नाही. तरी माणूस भिजतो, कारण त्या तुकड्याला शिवण नव्हती, चेन नव्हती, गळा नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो तुकडा मोटारसायकलवर बसलेला नव्हता.

मोटारसायकलचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बेळगावहून निपाणीला निघालेला माणूस वंटमुरीच्या घाटापर्यंत रुबाबात असतो. मग पुढून येणारं सगळं पाणी जर्किनवरून उतरून मांड्यांच्या मधल्या खोलगटात साचतं. तिथे डबकं तयार होतं, त्यावर माणसाचं वजन, आणि त्याच्या बरोब्बर खाली पँटच्या चार शिवणी एका बिंदूत येऊन मिळतात. एका सेंटिमीटरला तीन टाके धरले तरी मीटरभर शिवणीत सुईची तीनशे भोकं होतात. संकेश्वर येईपर्यंत प्रवासी बोलायचा बंद होतो. तवंदी घाटात तो गाडी उभी करून चहा मागतो तेव्हा टपरीवाल्याला काही विचारावं लागत नाही. बाकावर गोणपाट टाकून तो मोकळा होतो. म्हणून पाणी ओतून बघू नका. जर्किन उलटं करा. आतल्या प्रत्येक शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा, आणि पँटच्या बैठकीत दुहेरी बघा. पट्टी फक्त खांद्यावर असेल तर ते जर्किन फक्त खांद्यापुरतं जलरोधक आहे.

दुकानदार यानंतर ‘डेनिअर’ काढील. घाबरू नये. नऊ हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. वडगाव-शहापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेला कोणीही विणकर तो चिमटीत सूत धरून सांगेल. आकडा मोठा तर कापड दणकट आणि जड. पाण्याशी त्याचा संबंध दुरूनचा.

खरी गोम लेबलवरच्या दुसऱ्या आकड्यात आहे. चौरस मीटरभर कापड चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर टाकतं, हे सांगणारा तो आकडा. हा मोजायच्या पद्धती अनेक आणि त्यांची उत्तरं एकमेकींशी जुळत नाहीत, हे सोडून द्या. वाफ बाहेर जाते ती आत दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच. गणित करून बघू. घामेजलेल्या कातडीजवळ, तेहतीस अंशाला, वाफेचा दाब पाऱ्याच्या 38 मिलिमीटर. बाहेर कणकुंबीत बावीस अंश आणि हवा पाण्याने गच्च: 20. फरक 18, जर्किन श्वास घेतंय म्हणायला हरकत नाही. आता त्याच गाडीवरून, तेच जर्किन घालून चोर्ला घाट उतरा. खाली गोव्यातल्या साखळीत अठ्ठावीस अंश, हवा तितकीच गच्च: 28. फरक उरला 10. म्हणजे घाट उतरताना बारा हजारांच्या जर्किनचा जवळजवळ निम्मा दम गेला, आणि बिलात मात्र काहीच कमी झालं नाही. त्यात वरचं कापड एकदा भिजून जड झालं की पाण्याचा थर छिद्रांवर बसतो आणि उरलेली वाट बंद होते. आतला घाम आतच थंड होऊन पाठीवरून ओघळतो. माणूस ओरडतो, “गळूलालंय की हे!” ते गळत नसतं. तो स्वतःच गळत असतो.

लेबलवरचे वाफेचे आकडे कोरड्या, थंड डोंगरात खरे ठरतात. आपल्या आषाढात कापडाच्या छिद्रांवर विसंबू नये, मोठं भोक मागावं. काखेखाली लांब चेन, पाठीवर झाकणाखाली उघडी फट, मनगटाला सैल करता येणारी पट्टी: पैसे द्यायचे तर यांना द्यावेत. निपाणीच्या वखारवाल्याला हे कुणी शिकवलेलं नाही. तो तंबाखूची थप्पी जमिनीला टेकू देत नाही, भिंतीपासून सुटी ठेवतो, वर ताडपत्री घातली तरी खाली वारा खेळायला जागा सोडतो. कारण गच्च गुंडाळलेल्या मालाला आतूनच बुरशी धरते. तोच वखारवाला आपल्या पोराला मात्र गळ्यापर्यंत चेन ओढून, वर टोपी बांधून शाळेत पाठवतो.

स्पर्धेतल्या इतर उत्पादनांचा उल्लेख न करणं अन्यायाचं होईल. इरलं: बांबूचा सांगाडा, पानांचं आच्छादन, शिवण शून्य, पुढून सगळं उघडं. भाताच्या लावणीला वाकलेल्या पाठीसाठी याहून नेमकी रचना अजून निघालेली नाही. मोटारसायकलवर घातल्यास मात्र चालकाने उतरण्याचं ठिकाण वाऱ्यावर सोपवावं. खताच्या पोत्याची खोळ: एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की टोपीसकट तयार, पाणी आत येत नाही, वाफ खालून सुटते, वॉरंटी नाही. आणि घोंगडं. दख्खनी मेंढीची जाड लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश पाणी तंतूंच्या आत मुरवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. मुरवताना किंचित ऊबही देते. ताण्याला चिंचोक्याची खळ असते ती पहिल्याच पावसात धुऊन निघते, म्हणून कोरं घोंगडं नवलाईने खडखडीत आणि पुढे मऊ. पण त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एकदा पूर्ण भिजवून खांद्यावर घेऊन चार मैल चालावं. वजन दुप्पट होतं, वाळायला आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात घरात मेंढरू बांधलंय की काय असं पाहुणे विचारतात. धनगराला ते परवडतं. तो ते कपाटात ठेवत नाही.

निगा. ओलं जर्किन गाडीच्या डिकीत कोंबून ठेवू नये. ऊब आणि ओल मिळून आतला पॉलियुरेथेनचा लेप सुटतो आणि पुढच्या जूनला त्याचे पापुद्रे मानेवर चिकटतात. धुताना पावडर चिमूटभर, सुगंधी द्रव अजिबात नको. नीट खळबळून वाळल्यावर वरून सुती फडकं घालून मंद इस्त्री फिरवली की झटकण्याचा गुण बराच परत येतो. जुलैत काही वाळत नाही ही तक्रार मान्य. न्हाणीघरातल्या बंबाशेजारची दोरी ही त्यासाठीच असते, पण कापड बंबाला टेकू देऊ नये. बुटांत कालचा ‘तरुण भारत’ चुरगाळून भरावा. आजचा भरू नये, राकसकोप जलाशय भरल्याची बातमी कुणीतरी वाचायची राहिलेली असते.

यमगर्णीजवळ वेदगंगा महामार्गावर आली, जशी 2019 च्या ऑगस्टमध्ये आली होती, तर वरीलपैकी कुठलाही आकडा लागू होत नाही. घरी थांबावं.

आंबोलीला निघालेल्यांसाठी वेगळी सूचना नाही. तुम्ही भिजायलाच चाललाय. जर्किन घरी ठेवा, कोरडे कपडे दुहेरी पिशवीत बांधून घ्या आणि पिशवीची गाठ घट्ट मारा.