मुंगीचा पंचनामा

तांबी बसवतेवेळी "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असे जे अभयवचन स्त्रीला टेबलावर आडवी केल्यानंतर देण्यात येते, त्यातील मुंगी नेमकी कोणत्या जातीची, याचा खुलासा आजवर कोणत्याही दप्तरात झालेला नाही. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत मुंग्यांची वाण नाही. साखरेच्या डब्यातली गरीब काळी मुंगी आहे, बांधावरची लाल मुंगी आहे, डोंगळा आहे, आणि आंब्याची पाने शिवून त्यांत दबा धरून बसणारे ओंबीलही आहेत. परंतु दातेरी पोलादी चिमट्याने गर्भाशयाचे मुख पकडून धरणारी, मग सळई घालून आतली खोली मोजणारी, आणि अखेर आपले दोन्ही हात पसरून दहा वर्षे मुक्काम ठोकणारी मुंगी माळशेजच्या रानातही अद्याप कोणाच्या दृष्टीस पडलेली नाही.

माझ्या भाचीस ती भेटली. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर, घामाने डबडबलेल्या चेहऱ्याने ती इतकेच म्हणाली, "मावशी, मुंगी कसली, इंगळी होती ती."

1965 साली कुटुंबनियोजनाच्या सरकारी कार्यक्रमात लूप आला. पुढे त्याच्या जागी तांबी आली. तिच्यावरील तांब्याचे क्षेत्रफळ 380 चौरस मिलिमीटर, इतके काटेकोर नोंदले गेले. वेदनेचे माप मात्र मुंगीवरच थांबले. उपाय अज्ञात आहेत म्हणावे, तर तसेही नाही. गर्भाशयमुखाच्या बाजूस लिग्नोकेनची सुई देता येते, त्याचीच जेली किंवा फवारा वापरता येतो, मागाहून येणाऱ्या कळांसाठी गोळी असते. यांपैकी कशानेही दुखणे समूळ जात नाही, सुईही दुखतेच, आणि कित्येकींना यांतले काहीच लागत नाही. पण म्हणून तर आधी विचारावयाचे असते! म्हशाच्या यात्रेत घेतलेल्या बैलाच्या शिंगास कर्करोग झाला, तर शिंग कापण्यापूर्वी पशुवैद्य डोळा आणि शिंग यांच्या मध्ये हेच लिग्नोकेन टोचून ते बधिर करतो. मुंगीचा दाखला बैलास कोणी देत नाही, कारण बैलाला शिंगे असतात.

"दोन हंडे घेऊन टेकडी चढता, एवढ्याशानं काय होतंय?" असेही त्या दिवशी ऐकावयास मिळाले. हंड्याचा विषय निघालाच आहे, तर सांगते. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी बिनबोभाट मुंबईस पोहोचते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते; म्हणजे आधी आमच्या डोक्यावर हंडा द्यावयाचा, मग ही हंडा वाहते, सबब हिला दुखत नाही, असा शेरा मारावयाचा, ही कुठली वहिवाट? सोसते म्हणून आणखी सोसवावयाचे, याला सहनशीलतेचा गौरव म्हणत नाहीत, निर्लज्जपणा म्हणतात.

असो. लिग्नोकेनची कुपी त्याच खोलीतल्या कपाटात होती. बाळंतिणीला टाके घालताना ती लागते. कपाटापासून टेबलापर्यंत पाच पावले आहेत, मी स्वतः मोजली. भाचीची तांबी दहा वर्षांची आहे. तेवढ्या मुदतीत त्या कुपीने ही पाच पावले चालावीत, एवढाच अर्ज.