आचऱ्याचा कोर्टकर

आडनाव काहीही असो, आचरा तिठ्यावर त्याला कोर्टकरच म्हणतात. काखेत पिशवी, पिशवीत सातबाऱ्याची झेरॉक्स आणि जिभेवर इंग्रजी. सनद नाही, पण मालवणच्या कोर्टाबाहेर त्याने जेवढा चहा ढोसला, तेवढा एखाद्या वकिलानेही नसेल.

कुणाचे नारळ रातोरात जातात. मालक बोंबलतो, "रॉबरी झाली!" कोर्टकर शांतपणे विचारतो, "तुका मारल्यानी? सुरी दाखवल्यानी? नाय ना? मगे ती थेफ्ट. पाच जणांनी मिळान रॉबरी केली, तर डेकॉयटी." यात खोट काढता येत नाही; दरोड्याला पाच माणसे कायद्यालाच लागतात. वर तो सांगतो, 'डेकॉयट', 'ठग', 'लूट' हे शब्द सायबाने आपल्याकडूनच उचलले. "त्या चोरयेची एफआयआर कोणी केली नाय!"

एकदा मात्र इंग्रजीने घोटाळा केला. मारामारीत अडकलेल्या पोराच्या आईला तो म्हणाला, "काळजी नको, झिलाक बेल होयी." बाईने त्या सोमवारी टोपलीभर बेल रामेश्वराला वाहिला. तिथेच गाऱ्हाणेही घातले, व्हय महाराजा! पोरगा सुटला. श्रेय कुठल्या बेलाचे, यावर वाडीत अजून दोन तट आहेत.

दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर. बाकीच्यांना त्यात परंपरा दिसते, याला 'ॲलिबाय'. "तीन दिवस गावात काय झाला तरी गावकार सस्पेक्ट होवचो नाय!"

1 जुलै 2024 रोजी 1860 ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि याचा संसार मोडला. 302 चे 103 झाले, ते त्याने गिळले. पण 420 चे 318? "तीनशे अठरा म्हटल्यार शिवी वाटता काय?" इथे मात्र गाव त्याच्या बाजूने आहे.

त्याचा स्वतःचा दावा शेजाऱ्याच्या कुंपणात झुकलेल्या एका माडाचा. शेजाऱ्याला तो 'अक्यूज्ड' म्हणतो. दिवाणी दाव्यात आरोपी नसतो, प्रतिवादी असतो, हे त्याला सांगायला कोणी धजत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते, तेव्हापासून तो "वर जातंय" म्हणून धमकावतो. सगळे इंग्रजीत. कोर्टातून पुढची तारीख मिळते, तिला मात्र तो तारीखच म्हणतो.