क्योतो आणि अंगारकीची रांग

क्योतो दीड दिवसात पाहायचं असेल तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा राजूरच्या अंगारकीचा अनुभव जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे. साडेतीन गणेशपीठांत मोरगाव, राजूर आणि पद्मालय ही तीन पूर्ण, चिंचवड अर्धं. पण अंगारकीला जालन्याहून पायी निघालेला माणूस ‘सकाळी राजूर, दुपारी पद्मालय, रात्री मोरगाव’ असा बेत कधी आखत नाही. देव एक, रांग एक आणि दिवसही तोच, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. जपानचा व्हिसा हातात पडला की मात्र हाच शहाणा माणूस किंकाकुजी, कियोमिझु, आराशियामा, फुशिमी इनारी आणि उरलेल्या वेळात नारा, असं सगळं एका दिवसात कोंबतो.

‘जपानात सगळं वेळेवर असतं, मग का नाही होणार?’ हा पहिला आक्षेप. वेळेवर असतं, हे खरंच. शिंकान्सेन टोकियोहून सव्वादोन तासांत क्योतोला आणून सोडते. पण किंकाकुजीच्या दारात रेल्वे जात नाही. तिथे शहरबसमध्ये उभं राहून जायचं, आणि त्या बसमधली गर्दी भोकरदनच्या प्रवाशाला अगदी घरच्यासारखी वाटेल. शिवाय बहुतेक देवळं संध्याकाळी पाचच्या सुमारास दारं लावतात. वक्तशीरपणाची धार ही अशी आपल्याही मानेवर येते. म्हणून पहाटे फुशिमी इनारी गाठावं. ते रात्रंदिवस उघडं, तिकीट नाही, क्योतो स्टेशनवरून नारा लाइनचं दुसरंच स्टेशन. मग स्टेशनजवळचं सांजूसांगेन्दो हे देऊळ. तिथे कान्नोन या बौद्ध देवतेच्या 1001 मूर्ती आहेत आणि त्यांच्या दिमतीला 28 रक्षक, ज्यांत आपला गरुडही भेटतो. ओळखीचं कुणी दिसलं की परदेशात बरं वाटतं.

‘लाखो रुपये घालून दोनच ठिकाणं?’ हा आक्षेप खर्चाचा, म्हणून जास्त जोरात येतो. पण हे शहर 794 पासून 1868 पर्यंत राजधानी होतं. इथल्या आणि शेजारच्या उजी-ओत्सूच्या मिळून 17 जागा जागतिक वारशात आहेत. दहा पाहिल्या तरी सात राहणारच. मग ही दोन ठिकाणं त्या यादीत नाहीत म्हणून सतराच्या सतरा राहिल्याचं दुःख किती करायचं? आणि ज्या किंकाकुजीसाठी एवढी धावपळ, ते 1950 साली जळालं आणि 1955 साली पुन्हा उभं राहिलं. आपल्या घरातले आजोबा त्याहून जुने निघतील, आणि त्यांना भेटायला बस बदलावी लागत नाही.

शेवटचा आक्षेप घरातल्या आजींचा: तिथे गणपती आहे का? आहे, आजी. त्याला कांगितेन म्हणतात, आणि टोकियोत असाकुसाजवळ मात्सुचियामाला त्याचं देऊळ आहे. मोदकाऐवजी पांढरा मुळा वाहतात आणि तो देवळातच विकत मिळतो. मूर्ती मात्र गुप्त, दर्शन होत नाही. रांग नाही, ढकलाढकली नाही आणि देवही नाही, म्हटल्यावर राजूरकर थोडा गोंधळेल. वाहून झालेले मुळे तिथे प्रसाद म्हणून वाटतात. तेव्हा हॉटेलात परतताना हातात मुळा असेल, हे आजींना आधीच सांगून ठेवावं.