व्याह्यांसोबत प्रदर्शनात

लग्न वेगळं आणि जत्रा वेगळी, हे सोलापूरच्या माणसाला पटवणं अवघड आहे. आमच्या गावची वर्षातली सगळ्यात मोठी जत्रा हेच मुळी एक लग्न आहे. भोगीच्या दिवशी सम्मती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं. सात नंदीध्वज मिरवत येतात, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं दाटीवाटीनं उभी राहतात, सम्मती वाचली जाते आणि चहूबाजूंनी अक्षता पडतात. त्यातही भोगी म्हणजे धनुर्मासाचा शेवटचा दिवस. बाकीचे यजमान मुहूर्त नाही म्हणून थांबलेले असताना आमच्या देवाचं लग्न उरकलेलं असतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांना कार्यालयाचं बुकिंग करावं लागलं नाही आणि पत्रिकेत नाव राहिलं म्हणून कुठल्या आत्या रुसल्याचंही ऐकिवात नाही.

आम्हाला मात्र हे सगळं होतं. लेकीचा साखरपुडा झाला आणि पुण्याहून तिचा फोन आला, "बाबा, सोलापुरात लग्नाचं प्रदर्शन भरतंय. कार्यालयवाले, केटरर, फोटोवाले, सगळे एका जागी. सासूबाई-सासऱ्यांनाही घेऊन जा."

व्याही पंढरपूरचे. पंढरपुरात वसंत पंचमीला खुद्द विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं, त्यामुळं देवाच्या वऱ्हाडात मिरवण्याचा अनुभव त्यांच्याकडंही पिढ्यान्‌पिढ्यांचा. बायको म्हणाली, "बरंच झालं. घरी भांडण्यापेक्षा तिथं एसीत भांडू." हा प्रदर्शनाचा पहिला फायदा. चारचौघांत माणूस आवाज चढवत नाही आणि चढवलाच तरी डीजेच्या स्टॉलपुढं तो कुणाला ऐकू जात नाही.

आत शिरताच हातात कूपन आलं. लकी ड्रॉसाठी नाव, मोबाईल नंबर, लग्नाची तारीख. मेहुण्यानं नको तिथं हुशारी करून पाच कूपनं भरली, पाचही माझ्या नंबरानं. त्यानंतर घोडीवाले, मेंदीवाल्या आणि आतषबाजीवाले माझी जेवढी आठवण काढतात तेवढी सख्खे नातेवाईकही काढत नाहीत.

पहिलाच स्टॉल फोटोवाल्याचा. त्याच्या मोठ्या पडद्यावर आमचाच भुईकोट किल्ला होता. ज्या किल्ल्याच्या बागेत आम्ही शाळेच्या सहलीला डबे खाल्ले, तिथं एक तरुण हिरवा धूर सोडून त्यातून धावत येत होता. "प्री-वेडिंग आहे सर, ड्रोन फ्री." व्याह्यांनी गंभीरपणे विचारलं, "पोरगं पळतंय कशाला?" फोटोवाल्याकडं याला पॅकेज नव्हतं.

पुढं रिटर्न गिफ्टचं टेबल. पितळी दिवे, काचेचे हत्ती, रंगीत मेणबत्त्या. जिथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे त्या सोलापुरात, सबंध टेबलावर एक चादर नाही! विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, चादर सगळेच देतात की ओ." ही कारणमीमांसा मला अजून पटलेली नाही. दिवा माळ्यावर जातो, चादर माणूस वीस वर्षं पांघरतो आणि कुणाच्या लग्नातली ते दर थंडीत सांगतो.

कार्यालयवाल्यांकडं विहीणबाईंनी झुंबरं पाहिली, वातानुकूलित हॉल पाहिला, वधूपक्षाच्या खोलीतला आरसा पाहिला. बायकोनं एकच प्रश्न विचारला. "पाण्याचं काय?" आठवड्यातून कधी नळ येईल याच्या हिशेबानं संसार केलेल्या बाईला झुंबरानं भुलवता येत नाही. टँकर भाड्यात धरलाय की वेगळा, किती टँकर, मे महिन्यात मिळणार का, हे तिनं असं खोदून विचारलं की मॅनेजर खुर्ची सोडून उभा राहिला. त्याच्या छापील पत्रकात बारीक अक्षरांत टँकर वेगळा होता, जनरेटरचं डिझेल वेगळं होतं, साफसफाई वेगळी होती आणि जीएसटी तर वेगळा असतोच. एकट्या कार्यालयात गेलो असतो तर हे हळदीच्या दिवशी कळलं असतं. इथं शेजारच्याच स्टॉलवर दुसरा कार्यालयवाला कान देऊन बसलेला. "आमच्याकडं दोन टँकर आत धरलेत ताई," तो तिथूनच म्हणाला. स्पर्धेचे फायदे मी अर्थशास्त्रात वाचले होते, प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिले.

दरांचं मात्र या मंडळींनी एक वेगळंच शास्त्र केलंय. कुणी आकडा बोलत नाही. "तुमच्या बजेटनुसार करू", "कस्टमाइज करून देऊ". जनावरांच्या बाजारात हेडी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो, पण निदान बोटं तरी दाबतो.

केटररकडं आम्ही सगळ्यात जास्त रमलो. छोट्या द्रोणांत चव बघायला ठेवलेली. पनीरचं काहीतरी लालभडक, मग पांढरं, मग हिरवं. तिन्हींची चव एकच. व्याह्यांनी तिन्ही द्रोण संपवून विचारलं, "जेवण कुठाय?" तेव्हा त्या माणसानं टेबलाखालून डबा काढला. स्वतःचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार. व्याह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, डोळे मिटले. मेनू तिथंच ठरला. नंतर जिलेबी की हुग्गी यावर विहीणबाई आणि बायको यांच्यात जे झालं त्याला मी चर्चा म्हणेन. पण त्या चर्चेत मला कळलं की विहीणबाई माघार घेताना आधी "तुमचं बरोबर आहे" म्हणतात आणि मग दुप्पट मागतात. हे लग्नाआधी कळणं झुंबरांपेक्षा मोलाचं.

"पानं किती धरू?" केटररनं वही उघडली.

मी म्हणालो सहाशे. व्याही म्हणाले बाराशे. ज्यांच्या गावात आषाढीला लाखोंनी माणसं येतात त्यांना बाराशे म्हणजे घरगुती कार्यक्रम वाटणार, हे मी धरूनच होतो.

"2021 च्या एप्रिलमध्ये केलं असतं तर सरकारनंच आकडा दिला असता," बायको म्हणाली. "25 माणसं आणि दोन तास."

"त्या जानेवारीत तुमच्या सिद्धेश्वरांचंही मोजक्या मानकऱ्यांत उरकलं," व्याही म्हणाले. "माणसाविना लग्न बघवत नाही हो."

यावर मला बोलता येईना. तेव्हा व्याह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं दाबली. मीही दोन दाबली. त्यांनी एक सोडलं. केटरर वही घेऊन नुसता बघत राहिला.

"किती ठरले?" बायकोनं विचारलं.

"ते आमच्यात," व्याही म्हणाले, "तुम्ही नाश्त्याचं बघा."

"उपीट," बायको म्हणाली.

"तुमचं बरोबर आहे," विहीणबाई म्हणाल्या.