किती फूट?

सांगलीचे मामा मुंबईच्या ट्रॅव्हल्समधून पहाटे वाकडला उतरले, ताथवड्याला आमच्या घरी आले आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "आता नदी दाखव बघू."

सांगलीकराला कृष्णेची पातळी घरच्या म्हाताऱ्याच्या रक्तदाबासारखी तोंडपाठ असते. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पावसाळ्यात तिथे नमस्काराच्या जागी "किती फूट?" असंच विचारतात.

मी म्हणालो, "मामा, तुमची एक, आमच्या तीन. मुळा, पवना, इंद्रायणी."

"एक कशी? दीड म्हण. हरिपूरला वारणा मिळते की. आणि तीन नद्या हायत, तर मग हे पिंप भरून का ठेवलंस?"

नळाला दिवसाआड पाणी येतं, हे सांगायला मी मुहूर्त बघत होतो. तो हुकला.

स्कूटरवरून निघालो. ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, तोवर ते गाव होतं. आता नृसिंहाचं देऊळ सोडलं तर डावीकडे कॉलेज, उजवीकडे कॉलेज आणि मध्ये राहायला उंच इमारती. मामांची नजर मात्र सरकारी पाटीवर गेली. 'वळूमाता प्रक्षेत्र.' त्यांच्याकडे दोन म्हशी आणि एक खिलार गाय आहे. "थांब थांब! वळू पण आणि माता पण? वधूवर सूचक हाय का काय?" पशुसंवर्धन खात्याचं पैदाशीचं प्रक्षेत्र आहे, बघण्यासारखं काही नाही, म्हणत मी स्कूटर पुढे दामटली. ही माझी पहिली चूक.

डांगे चौकात सिग्नल तीनदा हिरवा झाला. "किती फूट सरकलो?" मामांनी मागून विचारलं. तेवढ्यात मी शहराची माहिती दिली. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागून मोटारींचे, स्कूटरींचे आले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका आणि २०११ च्या जनगणनेत माणसं १७ लाखांवर. पण शेजारी पुणं असल्यामुळे आमचं शहर कितीही वाढलं तरी धाकटंच राहतं. थोरल्याचा शर्ट केव्हाच आखूड झालाय, तरी ओळख 'पुण्याच्या जवळ' अशीच.

थेरगाव सोडून चिंचवडच्या पुलावर आलो. मी विजयी मुद्रेने हात केला. "ही पवना."

मार्च महिना होता. खाली या काठापासून त्या काठापर्यंत गच्च हिरवंगार.

"झकास," मामा म्हणाले. "घास कुणी लावलाय?"

"जलपर्णी आहे ती."

"कापून वळूंना घालत असतील."

जलपर्णी सांडपाण्यावर पोसते. जिथे शहर जास्त, तिथे ती जास्त. कुठल्याही खताच्या दुकानात न जाता इतकं भरघोस पीक घेणारी नदी मामांनी पाहिली नव्हती. पावसाळ्यात पूर येतो तेव्हा हे पीक आपोआप वाहून जातं. ती एकच कापणी.

मोरया गोसावींच्या समाधीपाशी मात्र मामा गप्प झाले. दगडी घाट, पायऱ्या, समोर नदी. ते खालच्या पायरीवर बसले, पाण्याकडे बघितलं आणि पाय धुवायचा बेत रद्द केला. पवना धरणातून पाणी सोडलं की नदी या देवळात शिरते, असं मी सांगितलं तसे त्यांचे डोळे चमकले. परमुलखात नात्यातलं कुणी भेटावं तसे. "किती फूट?"

इथे माझी पंचाईत झाली. आमच्याकडे फूट म्हणजे चौरस फूट. पुढे निघालो तर रावेतच्या रस्त्यावर एका इमारतीचा फलकच लागला होता: एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि या नजाऱ्यासाठी प्रत्येक चौरस फुटामागे जादा पैसे.

"नदी नुसती दिसायचे पैसे?" मामा स्कूटरवरून पडता पडता राहिले. "आमच्या हितं ती घरात येते रे! २०१९ ला माडीपर्यंत आलेली. कुणी एक रुपया मागितला नाही!"

रावेतच्या बास्केट पुलावर पोहोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. टोपलीच्या कडीसारख्या कमानी, आणि पश्चिमेला दोन टॉवरांच्या फटीत डोंगरांची निळी रांग. लोहगड, तुंग, तिकोना त्याच अंगाला. तिथून निघालेली पवना इथे पुलाखाली खरोखरच्या पाण्याची होती. इथल्या बंधाऱ्यावर शहराचं पाणी उपसतात. मामा कठड्याला रेलले. पाच मिनिटं एकही फूट विचारला नाही. मग म्हणाले, "म्हणजे नदी गावात शिरायच्या आधीच बघून घ्यायची. शिरली की संपली."

मला बरं वाटलं. इतक्यात मामींचा फोन आला.

"हां, पुण्यातच हाय... नदी? हाय की. तीन हायत म्हणतोय, मला अर्धी दिसली. डोंगर पण हाय, फटीत... न्हाई गं, उद्या न्हाई निघत. हितं सरकारी वळू हायत. हा लेकाचा पाटीवरूनच पुढं घेऊन गेला. सकाळी चालतच जाऊन येतो."

मग फोनवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "उद्या पाणी यायचा दिवस का न यायचा?"