डेव्हिएशनवर डिस्पॅच

मी चाकणला क्वालिटीत आहे. चौदा वर्षं 'व्हाय-व्हाय' करतोय. पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला गुन्हेगार सापडतो. बहुतेक वेळा तो सप्लायर निघतो.

तर चिऊला खोकला झाला. वय वर्षं चार, जूनपासूनचा हा चौथा. खोकला का? सर्दी उतरली. सर्दी का? प्लेग्रुपमधल्या एका शेंबड्यामुळे. त्याला का? तिसऱ्या 'का'ला बायको म्हणाली, "तुझी मीटिंग झाली असेल तर तिचं नाक पूस."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "व्हायरल आहे. आठवडा घेईल."

"अँटिबायोटिक?"

"व्हायरसवर?"

अहो मॅडम, विचारताय कुणाला! पिंपरी उभी राहिली तीच अँटिबायोटिकवर. टेल्को, बजाज सगळे मागून आले. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली आणि माझे आजोबा तिथं फर्मेंटरवर लागले. आमच्याकडे पाहुण्यांना चहाआधी पेनिसिलिनची गोष्ट मिळायची. पुढं एचएनं बुरशीवरचं औषध शोधलं, त्याचं नावही कंपनीवरूनच: हॅमायसिन. आजोबा ते नाव असं घेत, जणू बारशाला कानात कुर्र करणारी आत्या तेच. जिवाणू झाले, बुरशी झाली. विषाणूंचं काम तेवढं आमच्या घराण्यानं कधी घेतलेलं नाही, हे मॅडमनी फी घेऊन सांगितलं.

वर म्हणाल्या, "झोपेत श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट. चाळीस झाले किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर सकाळची वाट बघू नका."

रात्री दोन वाजता मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. दिवसभर मायक्रॉनच्या गप्पा मारणारा मी, चिऊचं पोट वरखाली होताना तेविसावर चुकलो. पुन्हा. बत्तीस. तीन रीडिंग घ्यायची सवय, म्हणून पुन्हा. चौतीस. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. शाळकरी मुलगी होती. मी तेव्हा कॉलेजात. आठवडाभर सुट्टी म्हणून खूश झालो होतो. हे नेमकं तेव्हा आठवलं. चौथं रीडिंग घेतलं. एकतीस.

सोमवारी माझं कस्टमर ऑडिट, बायकोची फर्स्ट शिफ्ट. आमच्या सिस्टीममध्ये मशीन बंद पडण्याचे बावीस कोड आहेत, पोरगी आजारी पडण्याचा एकही नाही. चिऊचा ताप उतरला होता, म्हणजे पॅरासिटामॉलनं उतरवला होता. तशीच तिला रिक्षात घातली. कंपनीत याला 'डेव्हिएशनवर डिस्पॅच' म्हणतात. त्यावर माझी सही लागते, आणि ती मी सहजासहजी देत नाही.

प्लेग्रुपच्या दारात त्या शेंबड्याची आई भेटली. तो खोकत होता. चिऊनं त्याला उत्तर दिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पावसाबद्दल बोललो.